लाटण्याचं लग्न

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात वर्षाकाठी जेवढे प्रश्न विचारले जातात, त्यांतले निम्मे एकटे माझ्या ताईचे चुलतसासरे विचारतात, असं मी लिहिलं तर चिखलीतला एकही माणूस मला खोटं पाडणार नाही. उरलेले निम्मे कोर्टातले वकील विचारतात, पण ते त्याची फी घेतात. हे गृहस्थ फुकट विचारतात, ऊनपाऊस न बघता विचारतात, आणि समोरचा माणूस ओळखीचा असावा अशी अटही घालत नाहीत. सकाळी आंघोळ करून, काळा कोट चढवून ते एस.टी.च्या थांब्यावरच्या बाकावर येऊन बसतात. मी सांगतो आहे त्या दिवसांत कोटाच्या काजातून खिशात गेलेली एक रुपेरी साखळी असायची, आणि साखळीच्या टोकाला त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात आहेर दिलेलं घड्याळ. मेहकरची गाडी आली की घड्याळ बाहेर निघे आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आत पहिला प्रश्न त्याच्या अंगावर पडे, "सात मिन्टं उशीर! काऊन बाप्पा? टायर बसलं का बायको रुसली?" मग उतरणाऱ्यांची पाळी. कोणाकडं आलात, गाठोड्यात काय आहे, केवढ्याले घेतलं, एवढं महाग काऊन घेतलं, बहीण कोणत्या गावी दिली, जावई बरा वागवतो काय. परका माणूस चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्याचा सातबारा आणि वंशावळ दोन्ही यांच्याकडं जमा झालेली असे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी त्या नव्या राज्यात क्रांती करायच्या घाईत होतो. माझ्या पत्रकांचा तपास करायला एकदा साध्या वेषातला एक पोलीस चिखलीत आला. बाकावर बसला. दहा मिनिटांनी ताईचे चुलतसासरे लांबूनच मला हाक मारून म्हणाले, "ए पत्रकवाले, इकडं ये. हे साहेब तुह्यासाठीच आले. अकोल्याहून बदली झाली यायची, पोट्टीले कावीय झाली म्हनून रजा पाह्यजे अन वरचा देत नाई. तू यायच्यावर एक पत्रक काढ ना बे!" तो बिचारा पोलीस पुढच्या गाडीनं परत गेला. खानेसुमारीच्या गुरुजींची गोष्ट तर गावभर झाली. गुरुजी कागदांचा गठ्ठा घेऊन यांच्या घरी शिरले ते दोन तासांनी बाहेर आले. कागद कोरा होता, आणि यांना मात्र गुरुजींच्या घरची माणसं, म्हैस, दमा आणि आडनावामागची कथा असं सगळं कळलं होतं.

एवढं विचारून हा माणूस त्या माहितीचं करतो काय, हे कुतूहल मला फार दिवस होतं. चुगली ते करत नसत. व्यापारात वापरावी तर व्यापार नव्हता. मंडप, सतरंज्या, मोठाली पातेली भाड्यानं द्यायचं त्यांचं दुकान होतं, ते आता पुतण्या, म्हणजे आमचे दाजी चालवायचे. बायको जाऊन वीसेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या एका खोलीत ते एकटे राहायचे. बाहेर पडायचे ते विचारायलाच. त्यांना स्वतःला काही विचारावं, तर ते उलट प्रश्न टाकून निसटायचे. "आबाजी, तब्येत कशी आहे?" म्हटलं की "तुही कशी हाय? डोये लाल काऊन दिसतेत?" आणि मग माझ्याच डोळ्यांची चौकशी सुरू.

माझं आणि त्यांचं दोन गोष्टींवरून वाजायचं. पहिली गोष्ट छापील अक्षर. मी पत्रकांवर वाढलेला. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. 'क' कमळाचा हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तोवर माझा 'क' कष्टकऱ्याचा होता. आणि हे म्हणायचे, "छापलेल्याले उलटून इचारता येत नाई, म्हनून मी वाचत नाई." त्यांना वाचता चांगलं येत होतं. पण माझं प्रत्येक पत्रक ते हातात घेऊन, कागद बोटांनी चोळून, "कागद बरा हाय. केवढ्याले रीम?" एवढंच विचारत.

दुसरी गोष्ट आहेर. लग्नातला आहेर ही गरिबाला पिळणारी रूढी आहे, असं माझं ठाम मत होतं आणि त्यावर मी तीन पत्रकं काढली होती. मी त्या वेळी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायचो. तालुक्यातल्या कोणाचीही लग्नपत्रिका छापायला आली की मी हुज्जत घालून तिच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ टाकायला लावायचो. शेवटी आमच्या जुळाऱ्यानं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या माणसानं, कंटाळून ती ओळ कायमची जुळवून, दोऱ्यानं बांधून एका खणात ठेवून दिली. पत्रिका आली की उचलायची आणि बसवायची.

ताईचे चुलतसासरे तर प्रत्येक लग्नात हजर. आमंत्रण असो नसो, मंडपात बसून कोणी काय आणलं ते विचारायचे.

"आबाजी, ही देवाणघेवाण म्हणजे माणसाच्या मानगुटीवरचं जू आहे," मी म्हणायचो.

"हाव. अन जू नसलं तं बैल जोडीनं चालन काय?"

"माणूस बैल आहे का?"

"ते तू सांग. शिकला तू हायेस."

अशा रीतीनं आम्ही एकमेकांवर प्रेम करत होतो, असं आता म्हणता येईल. तेव्हा मला ते प्रतिगामी वाटायचे आणि मी त्यांना उपाशी वाटायचो.

मग किसनभाऊंची अंजी आजारी पडली. किसनभाऊ गावाच्या कडेला विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, कोथिंबीर करायचे. अंजी पाच वर्षांची, एकुलती. आधी खोकला झाला, मग ताप उतरेना, मग धाप लागली. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत पू झाल्याचं निघालं. तिथली खाट फुकट होती, डॉक्टर देवमाणूस होते, पण एक इंजेक्शन बाहेरून विकत आणावं लागे, रोज, आणि ते कैक दिवस चालायचं होतं. एक दिवस चुकला की ताप पुन्हा चढे. आठवड्याभरात अंजीच्या आईच्या कानातलं गेलं, मग जोडीतला एक बैल गेला. पुढं काय जाणार हे सगळ्या गावाला दिसत होतं. जमीनही गेली असती, आणि तरी पोर वाचेल याचा भरवसा नव्हता.

मी पेटून उठलो. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा मोठ्या टायपात दिला, 'एका दरिद्री माळ्याचं लेकरू मरतं आहे, समाजा, तुला लाज वाटते का?' खाली किसनभाऊंचं नाव, अंजीचं नाव, विकलेल्या बैलाचा रंगसुद्धा. बाजारच्या दिवशी मी ते स्वतः वाटलं आणि दुसऱ्या दिवशी जमलेली मदत रुमालात बांधून बुलढाण्याला गेलो. किसनभाऊंच्या हातात ते पत्रक माझ्याआधीच पोचलं होतं. अक्षर अक्षर जुळवत त्यांनी ते वाचलं होतं.

"दरिद्री कोन?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "मी कोनाच्या दारी हात पसरला व्हता काय? उद्या हे पोट्टी जगली तं लोकं तिले काय म्हनतीन? भिकेवर जगली म्हनतीन. घेऊन जा तुमचा रुमाल. अन आता गावातलं कोनी काही आनलं तं म्या पायरी चढू देनार नाई."

मी रुमाल घेऊन परत आलो. ज्यांचे त्यांना पैसे परत करताना मला समाजाची लाज वाटली नाही, माझी वाटली. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की माझ्या पत्रकानं मदतीचं दार उघडण्याऐवजी आतून कडी घातली होती, आणि आत एक पाच वर्षांची पोर धापा टाकत होती.

थांब्यावर उतरलो तेव्हा ताईचे चुलतसासरे बाकावर होते. रुमाल बघून त्यांनी विचारलं, "नाई घेतलं?" मी मान हलवली. मग त्यांनी एकामागोमाग विचारायला सुरुवात केली. किसन दवाखान्यात जेवतो कुठं? अंजीची माय कुठं निजते? वांग्याले पानी कोन देते? राह्यलेला बैल कोनाच्या दावणीले? पोट्टी काय खाते, काय मागते, कशाशी खेळते? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. बैल कोणत्या रंगाचा होता एवढं मात्र मी छापलं होतं.

"बरं," म्हणाले, आणि बुलढाण्याला परत निघालेल्या गाडीत चढून बसले. गोष्ट रंजक वाटली म्हणून नव्हे, अपराध्यासारखा मी त्यांच्या मागं चढलो.

दवाखान्यात ते किसनभाऊंशी फारसं बोललेच नाहीत. सरळ अंजीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. पोर काडीसारखी झाली होती. उशाशी चिंध्यांची एक बाहुली होती, तिला काजळाचे डोळे काढलेले.

"हे तुही पोरगी काय वं?"

अंजीनं मान हलवली.

"लगनाची दिसते. कुठी जमलं काय हिचं?"

अंजी त्यांच्याकडं टक लावून बघायला लागली. मग बारीक आवाजात म्हणाली, "नाई."

"माह्या घरी एक पोरगा हाय."

"कसा हाय?"

"सडपातय हाय. उभा नाई राह्यत, टेकू लागते. पन गुनाचा हाय. पोया लाटते."

"पोया?"

"तेच तं! लाटनंच हाय तो. आमच्या म्हातारीचं. इतक्या वर्सांत एका शब्दानं उलटून बोलला नाई. असा जावई तुले सापडन काय?"

अंजी हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. तिची माय धावली. उबळ ओसरल्यावर पोरीनं विचारलं, "वाजंत्री आनसान?"

"आनतो. अजून काय पाह्यजे?"

"मांडव."

"मांडव तं घरचाच हाय. दे टाळी, इहीनबाई."

व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. त्या घटकेपासून अंजी त्यांना इवाई म्हणायला लागली.

परतीच्या गाडीत त्यांनी मला बेत सांगितला. लग्न दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या निंबाखाली करायचं, म्हणजे अंजीला खिडकीतून दिसेल. पत्रिका छापायची, गावात वाटायची. "मंडपात आलेला मानूस रिकाम्या हातानं येत नाई. अन मंडपात आलेलं किसन परत करू शकत नाई. आहेर हाय तो, भीक नोय. फेडता येते." मग माझ्याकडं तिरकं बघून म्हणाले, "तुह्या क्रांतीले चालन ना?"

मी खाली मान घालून पत्रिका लिहिली. 'चि. सौ. कां. बाहुली, किसनभाऊंची नात, आणि चि. लाटणं' अशी व्यवस्थित लिहिली, जुळाऱ्याकडं दिली, आणि शरमेनं म्हणा, घाईनं म्हणा, मुद्रित न तपासता घरी गेलो. सकाळी छापखान्यात आलो तोवर ताईच्या चुलतसासऱ्यांनी सगळ्या पत्रिका नेऊन वाटूनही टाकल्या होत्या, एक पहिल्या गाडीनं बुलढाण्याला किसनभाऊंकडं धाडली होती. उरलेली एक टेबलावर होती. तिच्या तळाशी, ठसठशीत, 'कृपया आहेर आणू नये.'

जुळाऱ्यानं रोजच्या सवयीनं खणातली ओळ उचलून बसवली होती. त्याची काय चूक? सवय मीच लावलेली.

धावत थांब्यावर गेलो. "आबाजी, घात झाला. तुम्ही वाचली नाही का पत्रिका?"

"मी छापलेलं वाचतो काय? काय झालं?"

सांगितलं. त्यांनी घड्याळ काढून बघितलं, परत खिशात घातलं. मग म्हणाले, "किसननं वाचली?"

"वाचली असणार. ते वरपासून खालपर्यंत वाचतात."

"मंग राहू दे. आहेर नाई म्हटल्यावर तो मंडपात येईन."

"पण लोक आहेर आणणार नाहीत ना!"

त्यांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "बापू, किती वर्सं झाली तू ते ओय छापून राह्यला? या तालुक्यात एका तरी मानसानं मानली काय रे?"

मी आठवून बघितलं. एकानंही मानली नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीत चिखलीची माणसं मावेनात. नवरदेव लाल चिंधीचा फेटा आणि कागदी बाशिंग बांधून आबाजींच्या मांडीवर बसला होता. कंडक्टरला त्यांनी विचारलं, "याचं अर्धं तिकीट का पूर्न?" कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, याचं लगेज लागते." त्यावर अर्ध्या वाटेपर्यंत वाद चालला. निंबाखाली दाजींनी छोटा मांडव घातला होता. सनई-चौघड्याला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून वाजंत्र्यानं फुंकर न मारता नुसती बोटं हलवली आणि सगळ्यांनी तोंडानं हळू आवाजात वाजवलं. खिडकीत आईच्या कडेवर अंजी होती. किसनभाऊ धुतलेलं धोतर नेसून, मोकळ्या मनानं मुलीकडचे म्हणून उभे होते. पत्रिकेची घडी खिशात होती.

अक्षता पडल्या आणि लोक उठले. पहिली आमची ताई गेली, हळदीकुंकवाला बोट लावून किसनभाऊंच्या हातात तिनं पाकीट ठेवलं. मग किराणावाले, मग भाजीबाजारातल्या बाया पदराच्या गाठी सोडत. कोणी ज्वारीची पायली आणली होती. किसनभाऊ मागं सरकले. त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं धरली.

"पत्रकवाले, तुमी सांगा. छापलं तुमीच ना? आहेर आनू नये म्हनून?"

ती ओळ माझी होती. तीन पत्रकं तिच्या पाठीशी होती. खिडकीतून अंजी बघत होती आणि उद्याचं इंजेक्शन अजून आणलेलं नव्हतं.

"छपाईची चूक आहे," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी छापील अक्षराविरुद्ध दिलेली ती पहिली साक्ष, आणि तीही खरी.

किसनभाऊ ताईच्या चुलतसासऱ्यांकडं वळले. "आबाजी, हे तुमचं काम हाय. लोकं मले देऊन राह्यले."

"तुले कोन देऊन राह्यलं बे? नवरीले देऊन राह्यले. मंडपातून आहेर वापस जाते काय कधी? माह्या सुनेचं वाईट करतं काय? घे. अन ज्याच्या घरी लगीन निघन त्याच्या घरी ने. एकाचाबी ठेवजो नको!"

किसनभाऊंनी वर खिडकीकडं बघितलं. मग उपरणं पसरलं.

शेवटी वरपक्षाचा आहेर. दुसऱ्यांच्या आहेराची घडी उलगडून बघणाऱ्या आबाजींनी स्वतःचा मात्र रुमालात गच्च बांधून आणला होता. किसनभाऊंना बाजूला नेऊन हातात कोंबला. "काय आणलं आबाजी?" म्हणून मी विचारलं, तर "तू काय आनलं?" असा उलट प्रश्न. मी पत्रकांच्या कागदासाठी ठेवलेले त्या महिन्याचे पैसे आहेर म्हणून आणले होते, तेव्हा पुढं विचारायची सोय राहिली नाही.

इंजेक्शनं एकही दिवस चुकली नाहीत. वांग्यांना कोण पाणी देतं हा प्रश्न आबाजींनी गावात इतक्या जणांना विचारला होता, की लाजेकाजेनं रोज कोणीतरी देत होतं. दीड महिन्यानं अंजी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरली. आणि त्यानंतर चिखलीत ज्याच्या त्याच्या घरी लग्न निघालं, की किसनभाऊ धुतलेलं धोतर नेसून, हातात आहेर आणि डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन हजर. माझ्या घरी लग्न निघण्याची चिन्हं नव्हती, तरी मला दर बाजारी भेटून विचारायचे, "पत्रकवाले, कधी?" मी चौथं पत्रक काढलं नाही. आहेराबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. जुळाऱ्याला मात्र खणातल्या त्या ओळीचा दोरा सोडून खिळे परत आपापल्या जागी टाकायला सांगितले.

परवा ताईकडं गेलो होतो, म्हणून दुकानामागच्या खोलीत डोकावलो. फळीवर लाटणं भिंतीला टेकून उभं होतं आणि शेजारी बाहुली. लग्न झाल्यावर मुलगी सासरीच राहणार. तिला भेटायला अंजी रोज दुपारी येते, हे मला ताईनं सांगितलं होतं. ताईचे चुलतसासरे खाटेवर बसले होते. मला बघताच म्हणाले, "ये. किती वाजले बापू?"

मी सांगितलं. सांगितल्यावर एकदम लक्षात आलं, की हा प्रश्न ते हल्ली सारखा विचारतात. थांब्यावर ड्रायव्हरला, कंडक्टरला, शाळेतून येणाऱ्या पोरांना. त्यांच्या एवढ्या प्रश्नांत आणखी एक वाढलेला कोणाच्या ध्यानात येणार? मी खुंटीवरच्या काळ्या कोटाकडं बघितलं. काज रिकामं होतं. साखळी नव्हती.

"आबाजी, सासऱ्यांचं घड्याळ?"

"तुही चप्पल कुठी तुटली बे?" ते म्हणाले.

मी पुढं विचारलं नाही. विचारायचं कुठं थांबावं, हे मला त्यांच्याकडून शिकता येण्यासारखं नव्हतं, पण त्या दिवशी आपोआप जमलं.

एवढ्यात अंजी आली. गाल भरलेले, वेणीला लाल रिबीन. हातात फडक्यात बांधलेली भाकऱ्यांची चवड होती. बाहुलीकडं एकदा बघून तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि खाटेसमोर उभी राहून विचारलं, "काहो इवाई, जेवले काय?"

मला वाटलं आता उलट प्रश्न येणार. ताईच्या चुलतसासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"नाई वं माय," ते म्हणाले.

"बाबानं धाडली," अंजी म्हणाली. "लेकीच्या सासरी शिदोरी असते म्हने. रोजची." तिनं खाली बसून गाठ सोडली. भाकरी अजून ऊन होती, वर वांग्याची भाजी. ते निमूटपणे खाटेवरून उतरले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.